अर्धस्वयंचलित .२२ रायफल आणि तिला मानवणारे काडतूस

अर्धस्वयंचलित क्रीडा रायफल घेताना नळीची लांबी, दस्त्याचा आकार आणि दुर्बीण यांवर पुष्कळ चर्चा होते. काडतूस मात्र हाताला येईल ते उचलले जाते. वास्तविक या प्रकारात काडतुसाचा विचार आधी करावा, कारण पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, चढवण्याचे बळ आधीच्या काडतुसाकडूनच मिळते.

.२२ लाँग रायफल काडतुसाच्या बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींत, १९६४ साली आलेल्या रूगर १०/२२ मध्येही, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा, नळीशी कुलूपबंद होत नाही. स्वतःचे वजन आणि मागची स्प्रिंग यांच्या जोरावरच तो बंद राहतो. गोळी सुटताना पुंगळी, म्हणजे काडतुसाचे कवच, मागे रेटली जाते, ती बोल्टला ढकलत बाहेर फेकली जाते, आणि परत येणारा बोल्ट मॅगझिनमधील, म्हणजे काडतुसांच्या पेटीतील, नवे काडतूस पुढे सारतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी सोडून पुन्हा ओढावा लागतो.

म्हणून खोक्यावरील वेग वाचायला शिकावे. ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची गोळी साधारण वेगाच्या काडतुसात सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने, तर उच्च वेगाच्या काडतुसात सुमारे ३८० मीटर वेगाने सुटते. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे कागदी लक्ष्यावर अनेकदा अधिक अचूक ठरतात, कारण गोळीला ध्वनिवेगाच्या सीमेवरचा हेलकावा सोसावा लागत नाही. पण त्यांतील मंद काडतुसे बोल्टला पुरेसे मागे ढकलू शकत नाहीत आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या दारातच अडकते. माझ्या मते सुरुवात उच्च वेगाच्या काडतुसांनी करावी, रायफल विनाअडथळा चालते याची खात्री करावी, आणि मगच अचूकतेसाठी मंद प्रकार आजमावावेत. दोन-चार प्रकारांची खोकी घेऊन ५० मीटरवर, टेकू देऊन, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे गट पाडून कोणाची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात ते पाहावे. एकाच नमुन्याच्या दोन रायफलींची आवडही वेगळी निघते.

नळीवर कोरलेले नाव आणि खोक्यावरील नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. .२२ मॅग्नम हे नावाने जवळचे असले तरी वेगळ्या मापाचे आणि अधिक शक्तीचे काडतूस आहे; ते या रायफलीत कधीही वापरू नये.

रायफल रिकामी करताना नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन काढावे, मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. हा क्रम उलटा केल्यास बोल्ट मॅगझिनमधले काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवतो आणि रायफल रिकामी असल्याचा खोटा भरवसा बसतो.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेट घेऊ शकते. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर नेमबाजी तत्काळ थांबवून, रायफल रिकामी करून नळीत गोळी अडकलेली नाही हे पाहावे. अशा नळीत दुसरी गोळी सोडली तर नळी फुटू शकते. या काडतुसांवरचे मेण आणि दारूची काजळी बोल्टवर साचत जाते, तेव्हा मानवलेले काडतूसही अडू लागले, तर ते बदलण्यापूर्वी बोल्ट व चेंबर स्वच्छ करावे.