बाजीप्रभू पांढरा पडला तेव्हा: मिनिएचरना वार्निश लावताना या चुका टाळा

जुलै महिना, संध्याकाळचे सहा, घोडबंदर रोडवरचा आमचा फ्लॅट. पाऊस नुकताच थांबला होता, म्हणून मी बाल्कनीत खोका मांडला आणि 54 मिलिमीटरच्या बाजीप्रभूवर, म्हणजे त्याच्या मिनिएचरवर (रंगवायच्या छोट्या पुतळ्यावर), मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा स्प्रे मारला. सात आठवडे रोज रात्री तासभर बसून रंगवलेली फिगर. पाच मिनिटांत फेट्याचा लाल फिकट दिसायला लागला. दहा मिनिटांत अंगरख्याच्या चुण्यांत पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर बसला. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलेली बुबुळं धुक्याआड गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण तो बाजीप्रभू आजही कपाटात उभा आहे आणि त्याचा फेटा लालच आहे. कसा वाचला ते पुढे येईलच. आधी तो पांढरा का पडला ते बघू, कारण ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ही चूक सगळ्यात सहज होते.

पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली, असं समजू नका

स्प्रे कॅनमधलं सॉल्व्हंट (वार्निश पातळ ठेवणारं द्रावण) झपाट्याने उडतं आणि उडताना फिगरचा पृष्ठभाग गार करतं. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो ना, तेच इथे घडतं. फक्त हा घाम डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक असतो आणि ओल्या वार्निशमध्ये अडकून बसतो. वार्निश वाळलं की त्या बारीक पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. यालाच फ्रॉस्टिंग म्हणतात. रंग खाली जसाच्या तसा असतो, हे लक्षात ठेवा.

उपाय स्वस्त आहे. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या आणि स्प्रे मारायचा तिथेच ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत मारा. 60 ते 70 मध्ये एखाद्या जुन्या, नको असलेल्या फिगरवर आधी मारून बघा. त्याच्या वर कॅनला हात लावू नका. आपल्याकडून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतर दुपारी बारा ते तीन ही वेळ चांगली, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या दुपारी तर सोन्यासारख्या. ऐरोलीला खाडीकडेला राहणारा माझा मित्र वर्षभराच्या फिगर साठवून ठेवतो आणि नाताळच्या सुट्टीत एका दमात स्प्रे करतो. मला ही पद्धत मनापासून पटते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचं वार्निश वापरा, त्याला ही भीती जवळजवळ नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी व्हिडिओंमध्ये सहसा कोणी सांगत नाही. एसी लावलेल्या खोलीतून फिगर थेट बाल्कनीत नेऊ नका. विशेषतः धातूची असेल तर ती गार असते आणि बाहेरच्या दमट हवेत स्प्रे मारायच्या आधीच ओली होते. अर्धा तास पंख्याच्या खोलीत राहू द्या, मग बाहेर न्या.

पांढरं दिसलं की प्रत्येक वेळी दोष हवेचा नसतो

बोट फिरवून बघा. खरखरीत, बारीक वाळूसारखं लागलं तर तुम्ही लांबून मारलंय. थेंब हवेतच वाळून पावडर होऊन बसले आहेत. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर ठेवा. स्प्रे फिगरच्या बाहेर सुरू करा, एका झटक्यात तिच्यावरून न्या आणि पलीकडे गेल्यावरच बोट उचला.

कॅन नीट हलवला नाही तरी पांढरं येतं. मॅट वार्निशमध्ये चकाकी घालवण्यासाठी सिलिकासारखी अतिबारीक पूड घातलेली असते आणि ती तळाशी बसते. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा. अर्धवट हलवलेल्या कॅनमधून आधी चमकदार वार्निश येतं आणि शेवटी नुसती पूड. एकाच कॅनने पहिली फिगर चकाकते आणि दहावी पांढरी पडते ती यामुळे. हाच पांढरेपणा खोलगट जागी साचलेला दिसला तर थर जाड झालाय. दोन-तीन पातळ थर द्या, मध्ये 15-20 मिनिटं थांबा.

आणखी एक कारण फसवं आहे. सुपरग्लूने ढाल चिकटवली आणि लगेच फिगर डब्यात बंद केली, तर त्याची वाफ आसपास पांढरी बसते आणि आपण वार्निशला दोष देतो. चिकटवलेलं रात्रभर उघड्यावर ठेवा.

पांढरी पडलेली फिगर खरवडू नका

मी त्या रात्री थिनरचा बोळा हातात घेतला होता. थांबलो म्हणून वाचलो. थिनरने वार्निशबरोबर रंगही येतो. आधी 24 तास पूर्ण वाळू द्या. मग कोरड्या दिवसाची वाट बघा, महिने लागले तरी चालेल. त्या दिवशी त्याच प्रकारच्या ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा एक थर द्या. बहुतेक वेळा ते जुना थर थोडा विरघळवतं, पोकळ्या भरतं आणि खालचा रंग वर येतो. माझा बाजीप्रभू नोव्हेंबरात असाच परत आला. ग्लॉसचा थर बसताना फेट्याचा लाल घडीघडीने उजळत गेला, ते मी दारात उभा राहून बघत होतो. फिगर काचेसारखी चकाकायला लागली तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशी मॅटचा एक पातळ हात फिरवला की झालं.

कमी बिघडलं असेल, एखाद्या घडीतच पांढरं दिसत असेल, तर पाण्यावर आधारित ग्लॉस वार्निश बारीक ब्रशने तेवढ्याच जागी लावा.

ब्रशने लावताना

पाण्यावरचं वार्निश ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. दुधाळ दिसलं म्हणून टिपकागदाने टिपू नका. बाटली हलवून लगेच ओतली तर बुडबुडे येतात, म्हणून पाच मिनिटं ठेवून मग वापरा. अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नका, थर ओढला जातो आणि कायमचे ओरखडे राहतात. तलवार, चिलखत यांवर मॅट लागलं की धातूचा रंग शिशासारखा मरतो. तेवढ्यावर नंतर ग्लॉस किंवा सॅटिनचा (मंद चकाकीच्या वार्निशचा) हात द्या. डोळ्यांत ग्लॉसचा एक थेंब, टाचणीच्या टोकाने. नजर जिवंत होते.

चिकट राहतंय?

मग खालचा माल बघा. बोर्डगेममधल्या मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फिगरवर काही स्प्रे कधीच नीट वाळत नाहीत, महिनोन्‌महिने बोटाला चिकटत राहतात. त्यांच्यावर पाण्यावरचं वार्निशच लावा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली रेझिनची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकची) फिगर नीट धुऊन, यूव्ही प्रकाशात पक्की केलेली नसेल तर आतलं कच्चं रेझिन झिरपतं आणि वार्निशच काय, फिगरच तडकते. पोकळ प्रिंट असेल तर आत रेझिन साठलंय का, ते रंगवायच्या आधीच बघा.

किल्ल्यावरचे मावळे

दिवाळीच्या आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेले मावळे घरी पोस्टर कलरने रंगवले असतील, तर त्यांच्यावर पाण्याचं वार्निश ब्रशने कधीही लावू नका. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात सुटतो. पुतणीच्या मावळ्यावर पहिल्याच हाताला मिशी गालभर पसरली आणि पोरगी रडायला लागली. अशा मावळ्यांना आधी स्प्रेचे दोन अगदी हलके फवारे द्या, वाळू द्या, मग तिसरा नेहमीसारखा. पुढच्या वर्षी पोस्टर कलरऐवजी अ‍ॅक्रिलिक घ्या, ते वाळलं की पाण्याने सुटत नाही.

स्प्रे मारताना मुलांना आतल्या खोलीत ठेवा, खिडकी उघडी, गॅस बंद, तोंडावर वाफ अडवणारा मास्क, साधा कापडी नव्हे. ओल्या फिगरवर लगेच उलटा खोका झाका. घोडबंदरला धूळ सातव्या मजल्यापर्यंत येते आणि ओल्या वार्निशवर एकदा बसली की निघत नाही.