हार्ट फेल्युअरच्या गोळ्या घरी कशा सांभाळाव्यात

इको तपासणीत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे डावा कप्पा भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला जेवढे बाहेर ढकलतो ते प्रमाण, 40 टक्के किंवा त्याहून कमी आढळल्यास साधारणपणे चार गटांतील औषधे जोडीने दिली जातात: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा त्याऐवजी रॅमिप्रिलसारखे औषध, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचा गट मूळचा मधुमेहावरचा असल्याने ‘मला कुठे शुगर आहे’ असे म्हणत काही जण ती गोळी परस्पर बंद करतात, पण हृदयासाठी तिचा उपयोग मधुमेह नसलेल्यांनाही होतो. बरे वाटू लागले म्हणून यांपैकी काहीही स्वतःहून सोडू नये. बीटा ब्लॉकर (बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल) तर अचानक मुळीच थांबवू नये.

फुरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड ही लघवीची गोळी सूज आणि धाप उतरवते. ठाण्याहून लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारे रुग्ण नेमकी हीच गोळी चुकवतात, आणि गर्दीच्या डब्यात तासभर अडकण्याची धास्ती पाहता त्यांना दोष देववत नाही. मात्र गोळी गाळण्यापेक्षा तिची वेळ बदलणे शहाणपणाचे: कार्यालयात पोहोचल्यावर किंवा दुपारी घेतली तरी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. रात्री उशिरा घेतल्यास झोपमोड ठरलेलीच.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत तारखेसह लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता धरून पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

रॅमिप्रिल बदलून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन दिले असल्यास दोन्हींमध्ये किमान 36 तासांचे अंतर लागते, नाहीतर चेहरा, जीभ आणि घसा धोकादायकरीत्या सुजू शकतो. म्हणून जुनी पाकिटे डब्यातून त्याच दिवशी काढून टाकावीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात पाणी साठवते, तर ‘कमी सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते रक्तात घातक पातळीला जाऊ शकते. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) व पोटॅशियम तपासतात ते यासाठीच.

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास यांतील काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे त्याच दिवशी विचारावे. आडवे होताच श्वास कोंडू लागला किंवा भोवळ येऊन पडल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळ्यांची यादी सोबत न्यावी.