टायलर, द क्रिएटर: आधी ऐकायचा कसा, मग पाहायचा कसा

टायलर, द क्रिएटर या अमेरिकन रॅपर-संगीतकाराची ओळख बहुतेकांना उलट्या क्रमाने होते. आधी कुठेतरी व्हिडिओची तीस सेकंदं दिसतात: सोनेरी विग, काळा चष्मा, फिक्या रंगाचा सूट. मग शफलवर त्याची दोन गाणी लागतात. एकात तो गुरगुरत असतो, दुसऱ्यात चिरक्या आवाजात प्रेमभंग गात असतो. हा रॅपर की गायक, ते ठरेना म्हणून ऐकणारा पुढे निघून जातो. चूक ऐकणाऱ्याची नाही, क्रमाची आहे. टायलर ओकोन्मा (हे त्याचं खरं नाव; जन्म १९९१, लॉस एंजेलिस परिसर) गाणी सुटी करत नाही. तो अल्बम करतो. चाल, वाद्यमेळ, पोशाख, व्हिडिओ सगळं त्या एका अल्बमसाठी ठरवतो आणि पुढच्या अल्बमला ते सगळं टाकून देतो. म्हणून अल्बम आधी आणि व्हिडिओ नंतर, एवढं पाळलं की बाकीचं पुष्कळ सोपं होतं.

पहिला अल्बम कोणता

हे तुमच्या कानावर अवलंबून आहे. चाल आणि स्वरमेळ आवडणाऱ्यांनी ‘फ्लॉवर बॉय’ (२०१७) घ्यावा. १४ गाणी, साधारण पाऊण तास. रॅप आहे, पण खाली कीबोर्ड, गिटार आणि तंतुवाद्यांचा गालिचा आहे, त्यामुळे कान घाबरत नाही. मुळातच रॅप ऐकणाऱ्यांनी ‘कॉल मी इफ यू गेट लॉस्ट’ (२०२१) घ्यावा. डीजे ड्रामा मध्ये मध्ये ओरडत असतो, ही २००० च्या दशकातल्या मिक्सटेपची (अनौपचारिक अल्बमची) रीत आहे, तिला गोंगाट समजू नका. वेळच नसेल तर ‘डोन्ट टॅप द ग्लास’ (२०२५) जेमतेम अर्ध्या तासात संपतो. तो नाचण्यासाठी केलेला आहे, बसून ऐकला तर निम्मा वाया.

‘इगोर’ (२०१९) दुसरा. आमच्या मते हे त्याचं सर्वांत पक्कं काम आहे, पण पहिल्याच फटक्यात घेतलं तर आवाज इतके चिरडलेले वाटतात की स्पीकर बिघडला असं वाटावं.

‘गॉब्लिन’ने (२०११) मात्र सुरुवात करू नका. ‘बास्टर्ड’ आणि ‘गॉब्लिन’ या दोन सुरुवातीच्या कामांत बायकांवरच्या हिंसेची वर्णनं आहेत, समलिंगी लोकांना उद्देशून शिव्या आहेत. त्याच शब्दांमुळे २०१५ मध्ये ब्रिटनने त्याला देशात येऊ दिलं नव्हतं. पुढे याच माणसाने पुरुषावरच्या प्रेमाची गाणी लिहिली. ती वाटचाल समजून घ्यायची तर जुनं ऐकावं लागतं, पण शेवटी, आणि काय ऐकतो आहोत हे माहीत असताना. घरात मुलं असतील तर हेडफोन लावूनच.

ॲपमधली तयारी

शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) शून्यावर. हे दुसरं लोक विसरतात. क्रॉसफेड पाच-सहा सेकंदांवर ठेवला तर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं, आणि टायलरच्या अल्बममध्ये ते जोड फार विचाराने बसवलेले असतात. ‘इगोर’मध्ये ‘एक्झॅक्टली व्हॉट यू रन फ्रॉम यू एंड अप चेसिंग’ हा तुकडा फक्त पंधरा सेकंदांचा आहे, नुसतं बोलणं. क्रॉसफेडमध्ये तो जवळजवळ ऐकूच येत नाही. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काही लावतं, तेही बंद करा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर निघतच नाहीत आणि ‘इगोर’चा अर्धा जीव सिंथेसायझरच्या खर्जात आहे. साधे वायरचे इअरफोनही चालतील. उलट चूकही होते: बास बूस्ट चालू राहतो. हा खर्ज मुळातच मुद्दाम फाटेपर्यंत ताणलेला आहे. त्यात भर घातली की ढोल, खर्ज आणि गाणं यांचा एकच चिखल होतो. इक्वलायझर सपाट ठेवा आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा वर.

‘इगोर’ येताना टायलरने स्वतःच ऐकणाऱ्यांसाठी एक टीप दिली होती. तिचा आशय असा: रॅप अल्बमची अपेक्षा धरून येऊ नका, पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न गाळता ऐका, मध्ये फोन, टीव्ही, गप्पा नकोत, चालत ऐका, गाडीत ऐका, पडून ऐका, पण मोठ्याने. ही टीप तंतोतंत पाळावी. त्यात आमची एकच भर: पहिल्या वेळी गीताचे शब्द स्क्रीनवर उघडू नका. डोळे ओळी वाचायला लागले की कान मागे पडतो.

‘इगोर’ ऐकताना काय धरून ठेवायचं

पहिलं गाणं म्हणजे नाटकाची नांदी समजा. एकच घरघरता स्वर बराच वेळ लांबतो, मग ढोल येतो. काही घडत नाही म्हणून पुढे ढकलू नका. पुढच्या चाळीस मिनिटांचा रंग इथेच ठरतो.

मग आवाजांचा गोंधळ होतो. चिरका, पातळ आवाज आला की कुणी पाहुणी गायिका आहे असं वाटतं. बहुतेक वेळा तो टायलरच असतो, स्वतःचा आवाज वरच्या पट्टीत सरकवलेला. त्याचा खरा आवाज अगदी जड, घोगरा आहे. नायक जेव्हा दुबळा, विनवणी करणारा असतो तेव्हा तो वर जातो आणि रागावला की मूळ जागी येतो. ‘अर्फक्वेक’ आणि ‘न्यू मॅजिक वॉन्ड’ ही दोन गाणी पाठोपाठ लावली की हा फरक लख्ख कळतो. खरे पाहुणेही आहेत, पण या अल्बमच्या गाण्यांच्या यादीत त्यांची नावं टाकलेलीच नाहीत. ‘अर्फक्वेक’च्या मध्यात लाडिक बोबडं म्हणणारा रॅपर प्लेबॉय कार्टी आहे, ‘पपेट’मध्ये कान्ये वेस्ट आहे.

गोष्ट साधी आहे. नायक एका पुरुषावर प्रेम करतो, तो पुरुष एका बाईपासून सुटू शकत नाही. विनवणी, मत्सर, शरणागती, सुटका, आणि शेवटी ‘अजून मैत्री आहे ना?’ हा प्रश्न. शफलवर ही माळ तुटते आणि उरतात ती नुसती विचित्र गाणी.

दुसऱ्या वेळी स्वरमेळ ऐका. टायलर पियानो स्वतःच शिकला आणि त्याला तीन स्वरांचा साधा कॉर्ड पुरत नाही. घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर करून पाहा: सा-ग-प एकत्र दाबा. आता त्यावर शुद्ध नी घाला. मग तार सप्तकातला रे. पहिला मेळ घट्ट, ठाम. शेवटचा मऊ, थोडा हळवा, काहीतरी राहून गेल्यासारखा. तसंच सा-कोमल ग-प-कोमल नी करा. जॅझ आणि सत्तरच्या दशकातल्या सोल संगीतातून आलेले असले मेळ आणि त्यांच्याखाली फाटका, कर्कश ढोल, ही त्याची खरी खूण आहे. गोडवा वर, खरबरीतपणा खाली. वरचंच ऐकलं तर गाणं गुळमट वाटतं, खालचंच ऐकलं तर नुसता आवाज.

‘इगोर’ला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्यात रॅप थोडाच आहे. कृष्णवर्णीय कलाकारांनी प्रकार ओलांडला तरी त्यांना रॅप किंवा ‘अर्बन’च्याच (कृष्णवर्णीयांच्या संगीताला लावलेल्या लेबलाच्या) खान्यात बसवतात, असं त्याने त्याच रात्री पत्रकारांना सांगितलं. ‘प्रकार कोणता?’ हा प्रश्न पहिल्या ऐकण्यात बाजूला ठेवायला हे एवढं कारण पुरे.

दहावं गाणं

‘वुल्फ’ (२०१३) ते ‘कॉल मी इफ यू गेट लॉस्ट’ प्रत्येक अल्बममध्ये दहाव्या क्रमांकावर एकाहून अधिक गाणी जोडलेली आहेत. ‘फ्लॉवर बॉय’मध्ये ‘९११ / मिस्टर लोनली’, ‘इगोर’मध्ये ‘गॉन, गॉन / थँक यू’. २०२१ चं ‘स्वीट / आय थॉट यू वॉन्टेड टू डान्स’ तर पावणेदहा मिनिटांच्या आसपास आहे. पहिला भाग सिंथेसायझरवरचं गोड प्रेम, दुसरा रेगेच्या लयीत नकार. अर्ध्यावर सोडलंत तर गाणं सुखान्त वाटेल. ‘क्रोमाकोपिया’त (२०२४) ही रीत मोडली, तिथे दहाव्या गाण्यात जोड शोधू नका.

मूळ गाणी शोधणं

टायलर जुन्या गाण्यांचे तुकडे आणि चाली आपल्या गाण्यांत वापरतो. ती मूळ गाणी शोधायची, पण तिसऱ्या ऐकण्यानंतर. आधी मूळ ऐकलं तर टायलरच्या गाण्यात तुम्ही फक्त तेच शोधत बसता. तीन जोड्या पुरतात. ‘आर वी स्टिल फ्रेंड्स?’च्या खाली अल ग्रीनचं १९७७ चं ‘ड्रीम’ आहे. ‘गॉन, गॉन’मध्ये जपानच्या तात्सुरो यामाशितांच्या ‘फ्रॅजाइल’ची चाल आहे, ती ध्वनिमुद्रणातून कापलेली नाही, पुन्हा गाऊन घेतलेली आहे. आणि ‘क्रोमाकोपिया’तल्या ‘नॉइड’मध्ये झांबियाच्या एनगोझी फॅमिली या रॉक बँडचा तुकडा आहे, गिटार आणि गाणं दोन्हीसकट. मूळ आणि नवं आलटून पालटून ऐका. त्याने काय उचललं यापेक्षा काय सोडलं, कुठे थांबवलं, कशावर ढोल घातला, तिकडे लक्ष द्या.

आता व्हिडिओ

त्याच्या बऱ्याच व्हिडिओंचा दिग्दर्शक म्हणून ‘वुल्फ हेली’ हे नाव दिसतं. तो टायलरच. त्यामुळे व्हिडिओ ही गाण्याची जाहिरात नसून त्याच माणसाने केलेलं दुसरं संपादन असतं. पुष्कळदा त्यात गाणं पूर्ण नसतं, शेवटी वेगळ्याच गाण्याचा तुकडा जोडलेला असतो. ‘हू दॅट बॉय’च्या शेवटी ‘९११’ येतं. गाणं मध्येच कापलं गेलं म्हणून व्हिडिओ बंद केला तर शेवटचा धक्का हुकतो.

प्रत्येक व्हिडिओ दोनदा पाहा, पहिल्यांदा आवाज बंद करून. मग दिसतं की कॅमेरा फार हलत नाही. चौकट समोरासमोर, मध्यभागी माणूस, रंग मोजके; दृश्य रंगमंचासारखं बांधलेलं असतं आणि बिघाड त्या नीटनेटक्या चौकटीतच होतो. ‘अर्फक्वेक’मध्ये टीव्हीवरच्या जुन्या करमणुकीच्या कार्यक्रमाचा मंच आहे आणि तो पेटतो. ‘सेंट क्रोमा’मध्ये गणवेशातली रांग रंगहीन उजाड जागेत एका मालवाहू कंटेनरकडे चालत राहते, रंग अगदी शेवटी फुटतो. स्क्रीनची चमक कमी ठेवली तर तो फरक मरतो.

क्रम असा ठेवा. आधी ‘याँकर्स’ (२०११): कृष्णधवल, एक स्टूल, एक माणूस, एक झुरळ. किळस येईल, पण इतक्या थोड्या सामानात लक्ष कसं खिळवायचं ते तिथे कळतं. मग ‘आयएफएचवाय’चं बाहुलीघर, मग ‘सी यू अगेन’, ‘अर्फक्वेक’, ‘नॉइड’. ‘सॉरी नॉट सॉरी’ (२०२३) अगदी शेवटी. तिथे प्रत्येक अल्बमचा टायलर आपापल्या पोशाखात मंचावर उभा राहून माफी मागतो. विग कोणत्या काळातला, केसाळ टोपी कोणत्या, हे माहीत नसेल तर तो नुसता वेषभूषेचा कार्यक्रम वाटतो. माहीत असेल तर त्यातला एक टायलर दुसऱ्यावर तुटून पडतो तेव्हा काय संपवलं जातंय ते स्पष्ट दिसतं.

एवढं झाल्यावर मागे जायचं असेल तर फॅरेल विल्यम्सच्या एन.ई.आर.डी. या बँडचा ‘इन सर्च ऑफ’ ऐका. टायलर स्वतः हा अल्बम आपल्या सर्वांत आवडत्यांत सांगतो. त्याची दोन रूपं आहेत: २००१ चं यंत्रांवर केलेलं आणि २००२ चं खऱ्या बँडकडून पुन्हा वाजवून घेतलेलं. दोन्ही मिळवा, एकच गाणं दोन्ही रूपांत लागोपाठ लावा, आणि त्यानंतर लगेच ‘फ्लॉवर बॉय’मधलं कोणतंही एक.