केडलस्टन हॉल: घरच्या सगळ्यांना घेऊन इंग्लंडमधला जुना वाडा कसा बघावा

आई-बाबा इंग्लंडला राहायला आले की आधी लंडन होतं, स्टोनहेंज होतं, मग जुना उमरावी वाडा बघायची टूम निघते. एकच बघायचा असेल तर मी डर्बीजवळचा केडलस्टन हॉल सुचवेन. वंगभंगामुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेल्या लॉर्ड कर्झनचं हे घर. तो १८५९ साली इथेच जन्मला.

निघण्याआधी वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या वेळा बघा. बाग उघडी म्हणजे वाडा उघडा असेलच असं नाही. कर्झनच्या पत्नीचा मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख सध्या मांडलेला आहे का, तेही विचारून घ्या. वर्षभरात असे तीन-चार वाडे बघायचे असतील तर कौटुंबिक सदस्यत्व परवडतं. गाडी नसेल तर डर्बी स्टेशनवरून टॅक्सी करा, अंतर साधारण आठ किलोमीटर.

आदल्या रात्री मुलांना दोन फोटो दाखवा, एक केडलस्टनचा आणि एक कोलकात्याच्या राजभवनाचा (आताचं लोकभवन). १७९९ ते १८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्लीने कोलकात्याची ती इमारत केडलस्टनच्या धर्तीवर बांधून घेतली. पुढे व्हाइसरॉय म्हणून कर्झन तिथे राहायला गेला, म्हणजे जवळपास स्वतःच्याच घरात! मुलांना दोन्हीकडचे बाजूचे भाग मोजायला लावा. केडलस्टनला चार योजले होते, बांधले दोनच. कोलकात्याला मात्र चारही आहेत.

आत शिरताना पाठीवरची सॅक आणि बाबागाडी बाहेर ठेवावी लागू शकते, तान्हं बाळ असेल तर झोळी न्या. खोल्यांमध्ये पडदे ओढलेले असतात, कारण उन्हाने जुनं कापड विटतं. डोळे सरावायला मिनिटभर द्या. संगमरवरी दालनातले वीस खांब अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाचे आहेत. मुलांचा हात तिकडे जातोच, म्हणून ‘हात मागे’ हा नियम दारातच ठरवा. खोल्यांत बसलेल्या स्वयंसेवकांना जरूर प्रश्न विचारा. पहिला प्रश्न आजोबांना विचारू द्या, मग गप्पा रंगतात.

सगळ्या खोल्या बघायचा हट्ट नको. पाय दुखायला लागले की मुलंही कंटाळतात आणि आजीही. संगमरवरी दालन, त्यामागचं घुमटाचं सलून (म्हणजे पाहुण्यांची मोठी बैठक) आणि तळमजल्यावरचं पौर्वात्य संग्रहालय एवढंच नीट बघा. सलूनमध्ये मधोमध उभं राहून वर बघायला सांगा, घुमट ६२ फूट उंच आहे.

खरा वेळ संग्रहालयासाठी राखा. कर्झनची पत्नी मेरी हिने १९०३च्या दिल्ली दरबाराच्या नृत्यसमारंभात घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख याच वाड्याचा. भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची. माझी आई त्या काचेसमोरून हलेना. “पैठणीचा मोर विणलेला असतो गं, हा भरलेला आहे,” म्हणाली. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं काहीतरी चमकतं. मुलांना ओळखायला सांगा. माझी लेक पाचू म्हणाली. ती भुंगेऱ्याच्या पंखांवरची टणक कवचं आहेत. जरीचा एकेक टाका बघताना तो घालणारे हात मला पोशाखाच्या मालकिणीपेक्षा मोठे वाटले, आणि ते मी लेकीला तिथेच सांगितलं. शस्त्रं, हस्तिदंती काम बघताना ‘हे इथे कसं आलं?’ असं मूल विचारणारच. टाळू नका. राज्य कुणाचं होतं, भेटी कोण कुणाला देत होतं, ते सरळ सांगा.

डबा बाहेर हिरवळीवर खा. गवत ओलं असतं, सतरंजी आणि जाड तळव्याचे बूट हवेत. मग तळ्याकडे, पुलापर्यंत एक फेरी मारा.

परतताना वाड्याला लागूनचं चर्च उघडं असेल तर आत जा. बागेसाठी जुनं गाव हलवलं गेलं, चर्च तेवढं राहिलं. मेरी १९०६ साली, ३६व्या वर्षी गेली. तिथे तिची संगमरवरी मूर्ती निजलेली आहे, शेजारी कर्झनची. आईने चपला दाराशीच काढल्या आणि नातीला हळू बोलायला सांगितलं.