डिजिटल पीएलएल सिम्युलेशनमध्ये लॉक होतो, चिपवर नाही? या चुका टाळा

चिपच्या आतल्या क्लॉकसाठी डिजिटल पीएलएल (आउटपुट क्लॉकची फेज रेफरन्सशी जुळवून, म्हणजे लॉक करून, ठेवणारा लूप) करायला घेतला की पहिली चर्चा टीडीसी (दोन एजमधला वेळ आकड्यात मोजणारं सर्किट) किती पिकोसेकंदांचा, यावरच रंगते. आकडा महत्त्वाचा आहेच. २ गिगाहर्ट्झ आउटपुट, ४० मेगाहर्ट्झ रेफरन्स आणि २० पिकोसेकंदांची पायरी असेल, तर लूपच्या बँडविड्थच्या आतला टीडीसीचा फेज नॉइज (क्लॉकच्या फेजमधली अस्थिरता) उणे ९९ डीबीसी प्रति हर्ट्झच्या आसपास येतो. पायरी निम्मी केली की ६ डेसिबलनं सुधारतो. पण प्रोसेसरला क्लॉक पुरवणारा पीएलएल लॉकच होत नसेल, तर कारण बहुधा दुसरीकडे असतं.

आधी टाइमस्केल तपासा. व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर वर्णनाची भाषा) प्रिसिजन, म्हणजे वेळेची सर्वांत लहान पायरी, १ पिकोसेकंद ठेवून डीसीओचं (डिजिटल कोडनं फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) मॉडेल लिहिलं, तर २ गिगाहर्ट्झला ५०० पिकोसेकंदांचा पिरियड थेट ५०१ होतो. ही जवळपास ४ मेगाहर्ट्झची उडी झाली. डीसीओची बारीक पायरी १०० किलोहर्ट्झची असेल, तर पिरियडमध्ये खरा फरक पडतो फक्त २५ फेम्टोसेकंदांचा; अशा ४० पायऱ्या सिम्युलेटर गिळून टाकतो. मग स्क्रीनवर दिसणारं लिमिट सायकल (न थांबणारं मागेपुढे दोलन) लूपचं नसतंच, ते राउंडिंगचं असतं, आणि माणसं विनाकारण गेन बदलत बसतात. प्रिसिजन १ फेम्टोसेकंद करा आणि प्रत्येक एजला उरलेला अपूर्णांक पुढच्या एजमध्ये मिळवा.

दुसरी चूक जास्त घातक आहे. डिव्हायडरचं (डीसीओचा क्लॉक भागून रेफरन्सशी तुलनेला देणारं सर्किट) टायमिंग लोक ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर थोडी सूट धरून तपासतात. पण लॉक होताना ओव्हरशूटमध्ये डीसीओ त्याच्याही बराच वर जाऊ शकतो. तिथे डिव्हायडरच्या काही एज सुटल्या की त्याचं आउटपुट मंदावतं. लूपला वाटतं डीसीओच हळू चाललाय, म्हणून तो कोड आणखी वाढवतो, आणि सगळं वरच्या टोकाला जाऊन अडकतं. लक्षण स्पष्ट असतं: कोड कमाल मर्यादेवर, तरीही डिव्हायडरचं आउटपुट रेफरन्सपेक्षा कमी. डीसीओला वेगळा एलडीओ (व्होल्टेज रेग्युलेटर) असेल आणि डिव्हायडर खचणाऱ्या डिजिटल सप्लायवर असेल, तर धोका वाढतो. डीसीओ देऊ शकेल त्या कमाल फ्रिक्वेन्सीवर डिव्हायडर चालला पाहिजे; ते जमत नसेल तर कोडला वरून मर्यादा घाला आणि सुरुवात खालच्या कोडपासून करा.

लूप फिल्टरचा इंटिग्रेटर (फेजच्या चुकांची बेरीज साठवणारा भाग) टोकाला गेल्यावर सॅच्युरेट व्हायला, म्हणजे तिथेच थांबायला हवा. तो ओव्हरफ्लो होऊन उलट्या टोकाला पोचला, तर फ्रिक्वेन्सी एका झटक्यात कोसळते.

चिप थंड असताना कॅलिब्रेशन होतं आणि लोड आल्यावर ती तापते. अशा वेळी डीसीओची फाइन बँक (बारीक पायऱ्यांचा संच) संपली तर लॉक सुटतो, आणि चालू क्लॉकवर कोर्स बँक (मोठ्या पायऱ्यांचा संच) बदलणं म्हणजे ग्लिचला आमंत्रण. शेजारच्या कोर्स पट्ट्यांमध्ये भरपूर ओव्हरलॅप ठेवा आणि कॅलिब्रेशननंतर फाइन कोड मधोमध येऊ द्या.

टायमिंग बसत नाही म्हणून फिल्टरमध्ये रजिस्टर वाढवताना जपून. बँग-बँग लूपमध्ये (क्लॉक पुढे की मागे एवढंच पाहणारा लूप) लेटन्सीच्या, म्हणजे उशिराच्या, प्रत्येक सायकलबरोबर लिमिट सायकल मोठं होतं. प्रपोर्शनल मार्ग (आत्ताच्या चुकीवर लगेच सुधारणा करणारा) शक्य तितका थेट डीसीओपर्यंत न्या; पाइपलाइन (ते जादा रजिस्टर) इंटिग्रेटरच्या, म्हणजे इंटिग्रल मार्गात घाला, तिथे ती खपते.

आणि टेपआउटआधी (डिझाइन उत्पादनाला पाठवण्याआधी) तीन गोष्टी हट्टानं मागून घ्या: ओपन लूप मोड, कोड वाचता येईल असं रजिस्टर, आणि भागलेला क्लॉक बाहेर आणणारा पॅड. चिप हातात आली की लूप बंद करण्याआधी प्रत्येक कोडची फ्रिक्वेन्सी मोजून आलेख काढा. बँकांमधली फट किंवा उलटी पायरी तिथेच सापडते.