लिनक्सवर मराठी लिहायची घडी: कीबोर्डपासून फाँटपर्यंत

लिनक्सवर मराठी उमटवायचे रस्ते दोन, आणि पुढचा निम्मा त्रास कोणता रस्ता धरलात यावर ठरतो. पहिला कीबोर्ड लेआउटचा. यात प्रत्येक बटणाला एक मराठी अक्षर नेमलेलं असतं आणि बटण दाबलं की ते थेट उमटतं, मध्ये कुणी नसतं. दुसरा इनपुट मेथडचा. तुम्ही रोमन अक्षरं टाइप करता, आयबस किंवा एफसिटिक्ससारखा प्रोग्राम ती वाटेत अडवतो, त्यांचं मराठी करतो आणि मग समोरच्या ॲपच्या हवाली करतो. दुसरा रस्ता पहिल्या दिवशी सोपा वाटतो. पण मधल्या प्रोग्रामचं आणि एखाद्या ॲपचं जुळलं नाही, तर तिथे मराठी उमटतच नाही आणि दोष कुणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते. रोज मराठी लिहायचं असेल तर सरळ इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीचा, लेआउट घ्यावा. सुरुवातीला बोटं अडखळतील, पण तो लेआउट ब्राउझर, टर्मिनल, लॉक-स्क्रीन सगळीकडे सारखाच चालतो.

लेआउट जोडणं

नोम डेस्कटॉपवर (उबुंटू आणि फेडोराचा मूळ डेस्कटॉप हाच) सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा. इनपुट सोर्सेसखालचं अधिकचं चिन्ह दाबा आणि शोधपट्टीत इंग्रजीत मराठी असं टाइप करा. यादीत ते दिसत नसेल तर शेवटचे तीन ठिपके दाबल्यावर पूर्ण यादी उघडते. एनहान्स्ड इनस्क्रिप्ट असं लिहिलेला मराठी लेआउट घ्या. शेजारी कगप फोनेटिक नावाचाही एक असतो, त्याबद्दल पुढे. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेसबार.

मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स या वाटेने जा. केडीई डेस्कटॉपवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर आधी लेआउट चालू करायची खूण करावी लागते, मग जोडता येतो. केडीईत भाषा बदलायचं मूळ बटण मेटा (सुपरचंच दुसरं नाव), ऑल्ट आणि के असं तिहेरी आहे. तेवढी कसरत कुणी करत नाही, ते आधी बदला. बदलताना कंट्रोल-शिफ्ट घेऊ नका, ॲपमधल्या शॉर्टकटांशी त्याची टक्कर होते. मराठीला कॅप्स लॉकचा काही उपयोग नाही, म्हणून भाषा बदलायला तेच बटण सगळ्यात सोयीचं. नोमवर त्यासाठी ट्वीक्स हे ॲप लागतं, बाकी दोन्हीकडे हा पर्याय कीबोर्डच्याच पानावर सापडतो.

यादीत इंग्रजी पहिली ठेवा आणि ती कधीही काढू नका. याला दोन कारणं. लॉगिनच्या पडद्यावर मराठी पहिली आली तर पासवर्ड मराठीत टाइप होतो, दिसतात मात्र नुसते ठिपके, आणि बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो. दुसरं, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीसारखे शॉर्टकट रोमन अक्षरांवर बांधलेले असतात. यादीत इंग्रजी असेल तर मराठी चालू असतानाही बहुतेक ॲप्स तिथून बटणाचं रोमन नाव काढतात. इंग्रजीच नसेल तर कॉपी-पेस्ट बंद पडतं.

इनस्क्रिप्टची रीत

खाली बटणांची नावं इंग्रजी कीबोर्डवर छापलेली आहेत तशी दिली आहेत.

पाठ करायला फार नाही, कारण मांडणी बाराखडीच्या शिस्तीने केलेली आहे. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजनं. डावीकडचं बटण नुसतं दाबलं तर काना, वेलांटी, उकार, मात्रा मिळते आणि शिफ्टसह दाबलं तर सुटा स्वर: ई दाबलं की काना, शिफ्ट-ई दाबलं की आ. उजवीकडे शिफ्टने अक्षर महाप्राण होतं. के म्हणजे क, शिफ्ट-के म्हणजे ख. आय म्हणजे ग आणि घ. एल म्हणजे त आणि थ, ओ म्हणजे द आणि ध, एच म्हणजे प आणि फ, वाय म्हणजे ब आणि भ. या एका नियमात बराच कीबोर्ड संपतो. वेगळे लक्षात ठेवायचे ते म्हणजे ळ (शिफ्ट-एन), ण (शिफ्ट-सी), श (शिफ्ट-एम) आणि ष (शिफ्ट आणि स्वल्पविराम).

सगळ्यात महत्त्वाचं बटण डी. ते अक्षराचा पाय मोडतं. पुस्तक हा शब्द असा टाइप होतो: एच, जी, एम, डी, एल, के. म्हणजे प, उकार, स, पाय मोडला, त, क. स आणि त आपोआप जोडले जातात, स्त शोधत बसावं लागत नाही. मराठी हा शब्द: सी, जे, ई, शिफ्ट-अवतरणचिन्ह, आर.

टाइपरायटरवर हात बसलेल्यांची दोन ठिकाणी हमखास चूक होते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला अक्षराआधी दिसते, पण टाइप करायची अक्षरानंतर. कि म्हणजे के आणि मग एफ. रफार डोक्यावर नंतर दिसतो, पण टाइप करायचा आधी. सूर्य लिहिताना एम, टी, जे, डी, स्लॅश: स, दीर्घ उकार, र, पाय मोडला, य. थोडक्यात, तोंडाने ज्या क्रमाने उच्चार होतो त्याच क्रमाने टाइप करायचं.

खोडताना बॅकस्पेस आणि डिलीट वेगळं वागतात. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी शेवटचा एकेक तुकडा काढतं: आधी वेलांटी, मग अक्षर, मग मोडलेला पाय. डिलीट अख्खं जोडाक्षर उडवतं. फक्त वेलांटी चुकली असेल तर कर्सर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेस दाबा.

जिथे गाडी अडते ती अक्षरं

दऱ्या आणि दर्या. पहिल्या शब्दात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. समुद्राचा दर्या साधा: ओ, जे, डी, स्लॅश, ई. डोंगरातल्या दऱ्या लिहायला र शिफ्टसह घ्यायचा, म्हणजे ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे ने खाली नुक्ता असलेला ऱ येतो आणि पाय मोडला की त्याचा चंद्रकोरीसारखा अर्धा र होतो. सुऱ्या, तऱ्हा, दुसऱ्या, आचाऱ्यांना हे सगळे शब्द याच रीतीने होतात. जुन्या मजकुरात हेच रूप साध्या र ला पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून काढलेलं सापडतं. दोन्ही डोळ्याला एकसारखी दिसतात, पण शोधाला वेगळी. दुसऱ्या हा शब्द पानावर समोर दिसतो आणि शोधून सापडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ज्ञ आपण द्न्य असा उच्चारतो, म्हणून लोक द पासून सुरुवात करतात. संगणकाच्या लेखी तो ज आणि ञ आहे: पी, डी, शिफ्ट आणि उजवा चौकोनी कंस. क्ष म्हणजे के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम.

बँक लिहिताना अर्धचंद्र आणि वर वेगळा अनुस्वार देऊ नका. शिफ्ट-एक्सवर दोन्हींचं मिळून एकच चिन्ह आहे, तेच घ्या.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय म्हणून अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवतात. काही फाँटांत ते हुबेहूब दिसतं, काहींत अर्धचंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळतो, आणि शोधाला तर ते कधीच जुळत नाही. ऍ हेही वेगळं अक्षर आहे, मराठी ॲपसाठी ते नको. ॲ नेमका कुठे आहे ते पाहायला नोममध्ये लेआउटच्या नावापुढचे तीन ठिपके दाबा आणि कीबोर्डचं चित्र उघडा. एकेका बटणावर चारपर्यंत अक्षरं असतात: साधं, शिफ्टचं, उजव्या ऑल्टचं आणि दोन्ही मिळून. तिथे सापडलं नाही तर भाषा इंग्रजी करून लिबरऑफिसमध्ये ०९७२ हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबा, आकड्यांच्या जागी ॲ येतो. बहुतेक इतर ॲप्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून सोडा, तेच आकडे टाइप करा आणि एंटर दाबा. वाङ्‌मयसारख्या शब्दात पाय मोडलेला दिसायला हवा असेल तर ङ चा पाय मोडल्यावर याच युक्तीने २०० आणि पुढे सी असा कोड द्या. त्याने अक्षरं जोडली जात नाहीत.

फोनेटिकच हवं असेल तर

कगप फोनेटिक हाही लेआउटच आहे, त्यामुळे तो कुठेही अडत नाही. के दाबलं की क येतो, पण पाय मोडायला वेगळं बटण दाबावं लागतंच. रोमनमध्ये लिहून आपोआप मराठी होण्याची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसचं एम१७एन हे पॅकेज घ्या. नाव शोधताना आकडा इंग्रजी अंकांत टाका. बसवल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर नव्या पद्धती यादीत येत नाहीत आणि पॅकेज बिघडलंय असं वाटतं. मग इनपुट सोर्सेसमध्ये मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट२ अशी नावं दिसतात. आयट्रान्समध्ये लहान-मोठ्या लिपीला अर्थ असतो. लहान एन म्हणजे न, मोठा म्हणजे ण. लहान एल म्हणजे ल, मोठा म्हणजे ळ.

मिंटवर मेनूतलं इनपुट मेथड हे ॲप उघडून आयबस निवडावं लागतं. केडीईच्या वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) सत्रात सिस्टीम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर एफसिटिक्स ५ किंवा आयबस वेलँड निवडल्याशिवाय कित्येक ॲप्सना इनपुट मेथड दिसतच नाही. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड असल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

फाँट आणि लिबरऑफिस

नोटो सॅन्स देवनागरी, नोटो सेरिफ देवनागरी, लोहित आणि मुक्त हे चौघे असले की काम भागतं. पॅकेजमध्ये नसलेला फाँट उतरवून त्यावर डबल-क्लिक करा आणि इन्स्टॉल दाबा. आधीपासून उघडं असलेलं लिबरऑफिस बंद करून परत उघडा, तोवर तो यादीत दिसणार नाही.

लिबरऑफिस मराठीला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या वर्गात धरतं आणि त्या वर्गाचा फाँट, आकार आणि भाषा इंग्रजीपासून वेगळी ठेवतं. शैली बदलली, आकार १६ केला, इंग्रजी मोठं झालं आणि मराठी होतं तेवढंच राहिलं, या तक्रारीचं मूळ इथे आहे. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटपुढे खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग एफ११ दाबून शैलींची यादी उघडा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी क्लिक करून एडिट घ्या आणि फाँटच्या पानावर कॉम्प्लेक्सच्या भागात फाँट, आकार, भाषा तिन्ही भरा.

भाषा हिंदीऐवजी मराठी करण्याचा आणखी एक फायदा छपाईत दिसतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. नोटोसारख्या फाँटांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा पाहून त्यातलं एक निवडलं जातं. फाँट बदलूनही ल हिंदी वळणाचाच येत असेल तर भाषेची खूण तपासा.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, फाँट्सपुढचं ॲडव्हान्स्ड उघडून वरच्या यादीत देवनागरी निवडा. तिथला आकार दोन अंकांनी वाढवला की वाचणं बरंच सुसह्य होतं.

जुन्या फाँटातल्या फायली

जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसला तर फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेली आहे: साठवलेली अक्षरं रोमनच, फक्त फाँटात त्यांची चित्रं मराठी. तिला मुक्त किंवा नोटो लावून काहीच होणार नाही. मूळ फाँटाचं नाव पाहा आणि त्याच फाँटासाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा. कुटुंब तेच पण फाँट दुसरा, असं असेल तर निम्मीच अक्षरं जुळतात. त्या फाँटांत वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच. बदललेल्या मजकुरात शक्तिमान, मूर्ती, वर्षांनी असे शब्द आधी तपासा. हे ठीक असतील तर बाकीचं बहुधा ठीकच असतं.

नुसती पीडीएफ हाती असेल आणि कॉपी केल्यावर काला येत असेल तर चित्रातला मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम आणि त्याचा मराठीचा डेटा बसवा, चालवायला जीइमेजरीडर घ्या आणि पान चित्र म्हणून वाचून काढा. स्कॅन ३०० डीपीआयचा हवा, त्याखाली अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार गळायला लागतात.

टर्मिनल आणि फायलींची नावं

टर्मिनलमध्ये मराठी तुटलेलं दिसतं, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. बरीच टर्मिनलं प्रत्येक चिन्हाला ठरावीक चौकट देतात, जोडाक्षर त्या चौकटीत मावत नाही. मजकूर शाबूत असतो. तीच फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा.

फायलींची नावं मराठीत बिनदिक्कत द्या, पण लांबीकडे लक्ष ठेवा. ईएक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, मोडलेला पाय हे सगळे वेगळे मोजले जातात. संगणकशास्त्र या शब्दात डोळ्याला सहा अक्षरं दिसतात, फाइलसिस्टीमला १२ चिन्हं, म्हणजे ३६ बाइट. इंग्रजीत २५५ अक्षरांचं नाव चालतं, मराठीत ८५ चिन्हांवर हिशोब संपतो. मग फाइल सेव्ह होत नाही आणि नाव फार लांब आहे असा इशारा येतो. लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलला द्यायची सवय असलेल्यांना हा इशारा हमखास भेटतो.