फिट्स येणाऱ्या मुलाला थोर लोकांची उदाहरणं द्यायचीयेत? मग आधी नावं अशी पारखून घ्या

घरातल्या एखाद्या मुलाला फिट्स येतात असं कळलं की चार दिवसांत कोणीतरी एक फॉरवर्ड पाठवतंच, अपस्मार असलेल्या थोर लोकांची लांबलचक लिस्ट, त्यात सीझर, अलेक्झांडर, सॉक्रेटिस, न्यूटन, मायकेलअँजेलो, नेपोलियन, व्हॅन गॉग सगळे एका ओळीत. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पोराला धीर यावा एवढाच. पण ती लिस्ट जशीच्या तशी वाचून दाखवू नका, कारण त्यातल्या बऱ्याच नावांना धड आधार नाही आणि आजची मुलं दोन वर्षांनी स्वतः सर्च करतात, मग एक नाव खोटं निघालं की जी नावं खरी होती त्यांच्यावरचाही विश्वास उडतो. पाच नावं सांगा पण पक्की सांगा.

तपासायचं कसं, तर आधी बघायचं की हे सांगतंय कोण आणि कधी. त्या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय का, जिवंतपणी कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय का, घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय का, का मेल्यानंतर शेकडो वर्षांनी कोणाला तरी सुचलंय. रशियन कादंबरीकार डोस्टोव्हस्की घ्या. १८५७ साली सैबेरियात असताना डॉक्टरने अपस्माराचं सर्टिफिकेट दिलेलं, पुढे तो स्वतः वहीत फिट्सच्या तारखा लिहायचा, बायको ॲनाच्या आठवणींत फिट्सचं वर्णन आहे, आणि कादंबरीतल्या पात्रांनाही त्याने हा आजार दिला. नंतर मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२८ मध्ये म्हटलं की हा अपस्मार नसून मनाचा आजार असावा, पण समोर एवढे कागद असताना मला तरी ते पटत नाही. हे नाव बिनधास्त घ्या.

आता सीझर. प्लुटार्क आणि सुएटोनियस या जुन्या चरित्रकारांनी दोघांनीही लिहिलंय, सुएटोनियस तर म्हणतो कामात असताना दोनदा झटका आला, पण दोघांनी लिहिलं सीझर मेल्यावर साधारण दीडशे वर्षांनी, आणि २०१५ मध्ये काही अभ्यासकांनी ते छोटे स्ट्रोक असतील असंही मांडलं. म्हणजे हे नाव पूर्ण खोटं नाही पण पक्कंही नाही, मुलाला सांगताना "असं म्हणतात" एवढं जोडायचं. अलेक्झांडर मात्र सरळ काढून टाका, थंड नदीत उतरला आणि तापाने आजारी पडला याला अपस्मार म्हणत नाहीत. न्यूटन आणि मायकेलअँजेलोही काढा.

दुसरी गोष्ट, वर्णन कशाचं आहे ते नीट वाचा. माणूस पडला, बेशुद्ध झाला, अंग थरथरलं म्हणजे अपस्मारच असं नसतं, चक्कर, दारू, स्ट्रोक, मेंदूतली गाठ यातही झटके येतात. लेनिनला शेवटी झटके आले ते स्ट्रोकनंतरचे, संगीतकार गर्श्विनला आले ते मेंदूतल्या ट्यूमरमुळे आणि १९३७ मध्ये तो गेलाच. तसंच आवाज ऐकू येणं, दृष्टांत होणं, तासन्‌तास एकाच जागी उभं राहणं, एवढ्यावरून जोन ऑफ आर्क आणि सॉक्रेटिसला लिस्टमध्ये घातलेलं असतं, तो निव्वळ अंदाज. आणि एक लक्षात ठेवा, माणसाच्या मेंदूचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, हान्स बर्गरने पहिल्यांदा काढला १९२४ मध्ये, त्याआधीच्या कोणाचाही रिपोर्ट असणं शक्यच नाही, जे काही आहे ते लोकांनी लिहिलेल्या वर्णनावर.

चित्रकार व्हॅन गॉगबद्दल लोक हट्टाने भांडतात म्हणून थोडं जास्त लिहितो. आर्ल गावातल्या डॉक्टर रे यांनी त्याच्या हयातीतच अपस्मार म्हटलं होतं, म्हणजे आधार आहे. पण तो अॅब्सिन्थ नावाची कडक दारू प्यायचा, नीट जेवायचा नाही, मनाने खचलेला होता, आणि त्यानंतर डॉक्टरांनी त्याला इतक्या वेगवेगळ्या आजारांची लेबलं लावली आहेत की नक्की काय ते आता कोणीच ठरवू शकणार नाही. शिवाय त्याची गोष्ट सांगितली की त्याने स्वतःचा कान कापला ते आणि शेवटी आत्महत्या, दोन्ही येतात. लहान मुलाला हे नाव नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

हॅरिएट टबमनचं नाव मात्र मी घेतोच. अमेरिकेत गुलामगिरीत वाढलेली मुलगी, मुकादमाने दुसऱ्याच कोणावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्याला लागलं आणि त्यानंतर आयुष्यभर ती बोलता बोलता अचानक झोपल्यासारखी व्हायची. डॉक्टरने तेव्हा काही लिहून दिलेलं नाही, डोक्याच्या मारानंतरचा अपस्मार असावा असं आज मानतात, तेवढं प्रामाणिकपणे सांगा आणि मग सांगा की अशाच अवस्थेत ती सुटून आली आणि साधारण तेरा खेपा करून सत्तरेक लोकांना सोडवून आणलं.

इथेच एक सांभाळायचं, "आजारामुळे थोर झाला" असं चुकूनही म्हणू नका. हे वाक्य ऐकायला गोड आहे पण मुलावर ओझं टाकतं, म्हणजे मला फिट्स येतात तर मला काहीतरी भारी करून दाखवायलाच हवं का? त्यापेक्षा ते लोक रोजचं कसं निभावायचे ते सांगा. एडवर्ड लिअर, गमतीदार कविता लिहिणारा आणि चित्रं काढणारा, त्याला पाच-सहा वर्षांचा असल्यापासून फिट्स, डायरीत प्रत्येक फिटची फुलीची खूण करून ठेवायचा, आणि लाजेपायी आयुष्यभर लपवून ठेवलं. मुलाला विचारा, त्याने कोणाला तरी सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं का. या एका प्रश्नावर मुलं खूप बोलतात, शाळेत कोणाला माहीत आहे, कोणाची भीती वाटते, सगळं निघतं.

नुसती जुनी माणसंही नकोत. क्रिकेट बघणारं पोर असेल तर जॉन्टी ऱ्होड्स, त्याने स्वतः उघडपणे सांगितलंय, आणि टोनी ग्रेग, ज्याला चौदाव्या वर्षी टेनिस खेळताना पहिली फिट आली आणि पुढे तो इंग्लंडचा कॅप्टन झाला. गायक प्रिन्सने २००९ मध्ये टीव्हीवर सांगितलं की लहानपणी त्याला हा आजार होता. अशा नावांना पुरावा शोधत बसावं लागत नाही, तो माणूसच सांगतोय.

दुःखाच्या गोष्टी कायमच्या लपवायच्या नाहीत पण वय बघा. फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर, १०० मीटरचा १०.४९ सेकंदांचा रेकॉर्ड १९८८ मध्ये करणारी, १९९८ मध्ये झोपेत फिट येऊन गेली. ही गोष्ट लहान मुलाला रात्री झोपताना सांगायची नाही, पण मोठ्या मुलाशी औषध न चुकवण्याबद्दल बोलायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, शांतपणे सांगता येते.

मूल हमखास विचारतं, मग ते बरे झाले का? खरं उत्तर द्या. डोस्टोव्हस्कीच्या फिट्स शेवटपर्यंत सुटल्या नाहीत, त्याच्या काळात आजच्यासारखी औषधंच नव्हती, फिट्सवरचं फेनोबार्बिटल हे औषध वापरात आलं १९१२ मध्ये. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिट्सशिवाय जगू शकतात. हा आकडा सांगा, मात्र "तुझं नक्की थांबेल" असं वचन देऊ नका.

आणि एखादं नाव आवडलंच तर पुढे त्या माणसाचं काम दाखवा, लिअरची चित्रं, ऱ्होड्सचे कॅच, त्यात फिट्सचा विषय आला नाही तरी चालेल.